जर्सी कुणाची, खेळाडू कुणाचा?

बालदोस्तांनो,

या आठवड्याचा विषय मी निवडलेला नाही. तो निवडलाय सांगली जिल्ह्यातल्या आपल्या एका आठवीतल्या मैत्रिणीने. तिचं पत्र चांगलं चार पानी आहे, आणि काही शब्द तर तिने पेन इतकं दाबून लिहिलेत की कागद फाटायचाच बाकी होता!

झालं असं, की तिचा मावसभाऊ २०२४ साली अमेरिकेत शिकायला गेला. गावाचं नाव नॉक्सव्हिल, राज्य टेनेसी. इथे गल्लीत क्रिकेट खेळणारा हा दादा तिथे गेला आणि महिन्याभरात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कट्टर भक्त झाला. पै-पै साठवून त्याने संघाची केशरी जर्सी घेतली. पाठीवर नाव होतं संघाच्या लाडक्या खेळाडूचं, निको इयामालेआवाचं. आणि एप्रिल २०२५ मध्ये हा निको टेनेसी सोडून दुसऱ्याच विद्यापीठाकडे निघून गेला! दादा सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने बॅगेतून जर्सी काढली, बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे तुला. झोपताना घाल. मला नको गद्दाराची जर्सी."

पत्राच्या शेवटी आपली मैत्रीण विचारते, "बाई, जास्त पैशांसाठी संघ सोडणारा खेळाडू गद्दार असतो का? आणि मी ती जर्सी बाहेर घालू की नको?"

प्रश्न दोन ओळींचा आहे, पण उत्तराला जरा वेळ लागणार. कारण त्यासाठी आपल्याला आधी नॉक्सव्हिलला जाऊन यावं लागेल. चला तर मग!

कॉलेजचा सामना आणि लाखभर माणसं

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का! तो चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. खेळाडू तो हातात धरून पळतात, फेकतात, झेलतात. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाडजूड पॅड. एका बाजूला अकरा खेळाडू. त्यातला जो चेंडू फेकतो, चढाईची सगळी सूत्रं ज्याच्या हातात असतात, तो क्वार्टरबॅक. निको हा क्वार्टरबॅक. आता दादाचं दुःख किती मोठं ते आलं ना लक्षात?

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हटला की मैदानाच्या कडेला पन्नास-शंभर मुलं असतात, आणि त्यातली निम्मी तास बुडवून आलेली! तिकडे तसं नाही. नॉक्सव्हिलच्या नेलँड स्टेडियममध्ये १,०१,९१५ माणसं बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये तर १,०७,६०१. आपल्या मुंबईच्या वानखेडेवर साधारण ३३,००० प्रेक्षक मावतात. आता भागाकार तुम्हीच करा! नेलँड स्टेडियम नदीकाठी आहे. त्यामुळे सामन्याच्या दिवशी काही लोक चक्क बोटीतून येतात, काठाला बोटी बांधतात आणि तिथेच खाणंपिणं, गप्पा, गाणी सुरू होतात.

नेब्रास्का नावाचं एक राज्य आहे. शेतीचं, मोकळ्या माळांचं. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं १९६२ सालापासून दर वेळी पूर्ण संपत आली आहेत. आजोबा गेले, वडील गेले, आता नातू जातो. एखाद्या घरी वारी असावी तसं हे.

एवढं प्रेम का? कारण अशा कितीतरी गावांच्या जवळपास व्यावसायिक संघ नसतो. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. शिवाय खेळाडू कोण? आपल्याच आवारात राहणारी, आपल्यासारखीच परीक्षेला घाबरणारी अठरा ते बावीस वर्षांची मुलं. मुलगा पहिल्या वर्षी लाजरा-बुजरा येतो, दुसऱ्या वर्षी राखीव खेळाडू होतो, तिसऱ्या वर्षी संघात येतो, चौथ्या वर्षी कप्तान होतो आणि पदवी घेऊन जातो. लोक त्याला डोळ्यांदेखत वाढताना बघतात. म्हणून तो त्यांना "आपला पोरगा" वाटतो. आपली मुलगी, आपला मुलगा, आपलं कॉलेज. या प्रेमाची पाळंमुळं ही अशी आहेत.

पण एक प्रश्न राहिलाच. लाख माणसं तिकीट काढून बसली. तो पैसा कुणाला मिळत होता?

पाव मिळेल, चीज नाही!

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळाचे नियम ठरवणारी मोठी संस्था आहे एनसीएए. ती १९०६ साली स्थापन झाली. तिचा अनेक वर्षांचा ठाम नियम होता की कॉलेजचा खेळाडू हा हौशी विद्यार्थी आहे. त्याला शिष्यवृत्ती मिळेल, म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं. पण खेळाचा पगार? मुळीच नाही. जाहिरात करून पैसे? नाही. आपल्या सहीचे पैसे? तेही नाही.

हे नियम किती बारीक होते ऐका. तिकडे बेगल नावाचा पाव मिळतो, मेदूवड्यासारखं मधोमध भोक असलेला. खेळाडूंना मधल्या वेळी खायला कॉलेजने साधा बेगल दिला तर चालायचा. पण त्यावर क्रीम चीज फासून दिलं तर तो नियमभंग! हसू येतंय ना? पुढे तो नियम काढून टाकावा लागला.

आता दुसरी गोष्ट ऐका, तिला मात्र हसू येणार नाही. २०१४ साली कनेटिकट विद्यापीठाने बास्केटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. त्यांचा मुख्य खेळाडू होता शबाझ नेपियर. त्याने त्या वेळी पत्रकारांना सांगितलं, की काही रात्री आपण उपाशी झोपतो, कारण जेवणासाठी पुरेसे पैसे नसतात. आणि त्याच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानात विकल्या जात होत्या! ही गोष्ट देशभर गाजली. थोड्याच दिवसांत एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा काढली.

त्याच बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्हीचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी विकले गेले होते. किंमत होती १,०८० कोटी डॉलर. रुपये नाहीत, डॉलर! प्रशिक्षकांना लाखो डॉलरचे पगार होते. स्टेडियम बांधले जात होते. फक्त मैदानावर घाम गाळणारा तेवढा हौशी.

जर्सीचीच गोष्ट घ्या. तेव्हाच्या जर्सीवर खेळाडूचा क्रमांक असायचा, नाव नसायचं. कारण नाव छापलं तर त्याचे पैसे त्याला द्यायला नकोत का? पण ऑगस्ट २०१३ मध्ये जे बिलास नावाच्या समालोचकाने एक गंमत करून दाखवली. त्याने एनसीएएच्या विक्रीच्या संकेतस्थळावर खेळाडूंची नावं टाकून शोध घेतला. आणि काय? नाव टाकलं की बरोबर त्याच खेळाडूच्या क्रमांकाची जर्सी समोर! म्हणजे नाव माहीत होतं, नावावर धंदाही होत होता, फक्त नाववाल्याला पैसे नव्हते. आरडाओरडा झाल्यावर एनसीएएने ती विक्री बंद केली.

एड ओबॅनन हाही बास्केटबॉलपटू. १९९५ साली त्याच्या यूसीएलए विद्यापीठाने अजिंक्यपद जिंकलं. पुढे बऱ्याच वर्षांनी तो एका मित्राकडे गेला होता. तिथे मित्राच्या मुलाच्या व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला. तेच टक्कल, तोच डावखुरेपणा, तोच ३१ क्रमांक! गेम विकून कंपनी पैसे मिळवत होती आणि ओबॅननला विचारलंसुद्धा नव्हतं. २००९ साली तो कोर्टात गेला. त्या खटल्याने भिंतीला पहिली मोठी भेग पडली.

गुरुजी जाऊ शकतात, शिष्य नाही

पैशांचं हे असं. आता संघ बदलण्याचं ऐका.

फुटबॉल किंवा बास्केटबॉलच्या खेळाडूने कॉलेज बदललं, तर नव्या कॉलेजात त्याला पूर्ण एक वर्ष बाकावर बसावं लागे. सराव करायचा, पण सामना खेळायचा नाही. २०१८ पर्यंत तर दुसऱ्या कॉलेजशी शिष्यवृत्तीचं बोलायला आधी स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागायची.

आणि प्रशिक्षक? त्यांना दुसऱ्या कॉलेजने जास्त पगार दिला की ते जाऊ शकत. करार मोडल्याचे पैसे भरावे लागले तर ते बहुधा नवं कॉलेजच भरणार. ज्या प्रशिक्षकाने घरी येऊन, आईवडिलांसमोर बसून, "तुमचा मुलगा माझ्याकडे सोपवा" असं म्हटलं, तोच पुढच्या वर्षी निघून गेला तरी मुलगा तिथेच अडकून. आता सांगा, हे बरोबर होतं का?

मग एकामागून एक दारं उघडत गेली. १५ ऑक्टोबर २०१८ ला 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झालं. पोर्टल म्हणजे संगणकावरची एक मोठी यादी. ज्याला कॉलेज बदलायचंय त्याने त्यात नाव घालायचं. मग कुठलंही कॉलेज त्याच्याशी बोलू शकतं. परवानगी मागायची नाही, नुसतं कळवायचं. २०२१ मध्ये नियम आला की एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बसावं लागणार नाही. आणि २०२४ मध्ये 'एकदा' हा शब्दही गेला. अभ्यासात ठीक असलं की कितीही वेळा बदला.

पैशांचं दारही २०२१ सालीच उघडलं. २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात एनसीएएच्या विरुद्ध निकाल दिला. नऊच्या नऊ न्यायाधीश एका बाजूला! त्यानंतर दहा दिवसांनी, १ जुलैला, खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि ओळख वापरून पैसे मिळवायची मुभा मिळाली. आणि १ जुलै २०२५ पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. आपल्या रुपयांत दीडशे कोटींहून जास्त!

रेगी बुश नावाच्या फुटबॉलपटूने २००५ साली हाइसमन करंडक मिळवला होता. कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला तो मिळतो. पण त्याने नियमाबाहेर पैसे आणि भेटी घेतल्याचं चौकशीत निघालं, आणि २०१० मध्ये त्याचा करंडक गेला. एप्रिल २०२४ मध्ये तो करंडक त्याला परत देण्यात आला. कारण? काळच बदलला होता. काल जो गुन्हा होता तो आज नियमात बसत होता.

चाहत्यांचं काय झालं?

खेळाडूंवरचा अन्याय कमी झाला, हे चांगलंच झालं. पण दोस्तांनो, एकाची बेडी तुटते तेव्हा ती बेडी धरून उभं असलेलं काहीतरी हलतंच. इथे हललं ते चाहत्यांचं मन.

पहिली गोष्ट म्हणजे ओळखच राहीना. ऑगस्टमध्ये संघ मैदानात उतरतो आणि लोक शेजाऱ्याला विचारतात, "हा कोण? मागच्या वर्षी कुठे होता?" चार वर्षं वाढताना बघण्याचं सुख कमी झालं. लहान कॉलेजांचं दुःख तर त्याहून मोठं. मार्च २०२२ मध्ये न्यू जर्सीतल्या सेंट पीटर्स नावाच्या चिमुकल्या विद्यापीठाने बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीसारख्या बलाढ्य संघाला हरवलं. पंधराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या आठांत पोहोचला, असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. सारा देश त्यांच्यामागे उभा राहिला. आणि मोसम संपल्यावर? प्रशिक्षक मोठ्या कॉलेजात गेले, संघातले बरेच महत्त्वाचे खेळाडूही पांगले. ज्यांनी नाचून घसा बसवला होता ते पुढच्या वर्षी रिकाम्या मांडवात बसल्यासारखे झाले. २०२५ च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोहोचलेले सगळेच्या सगळे संघ चार मोठ्या गटांतले होते. लहान गटातला एकही नाही.

दुसरी गोष्ट अशी, की चाहत्याच्या खिशात हात गेला. २०२१ नंतर ठिकठिकाणी चाहत्यांनी आणि धनिकांनी मंडळं काढली. त्यांना म्हणतात 'कलेक्टिव्ह'. आपल्याकडे गणपतीची वर्गणी गोळा करतात ना, तशी वर्गणी करून खेळाडूंना द्यायची. आमच्या पत्रलेखिकेच्या दादाचं टेनेसी विद्यापीठ आणखी पुढे गेलं. २०२५ च्या मोसमी तिकिटांवर त्यांनी दहा टक्के 'टॅलेंट फी' लावली. म्हणजे खेळाडूंच्या मानधनासाठी तिकिटावर वेगळी पट्टी!

आता यात मेख काय आहे बघा. वर्गणी दिली की माणूस नुसता चाहता राहत नाही, त्याला मालक झाल्यासारखं वाटायला लागतं. पूर्वी वीस वर्षांच्या मुलाच्या हातून चेंडू निसटला तर लोक "अरेरे!" म्हणायचे. आता काहीजण म्हणतात, "याचेच पैसे देतो का आम्ही?" मुलगा तोच, चूक तीच. ऐकणाऱ्याचा कान मात्र बदलला.

पण थांबा, नाण्याची दुसरी बाजूही आहे.

इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे हरण्यासाठीच प्रसिद्ध. २०२५ च्या मोसमाआधी वरच्या श्रेणीत सगळ्यात जास्त सामने हरलेला संघ हाच! २०२३ च्या शेवटी तिथे कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक आले आणि जुन्या कॉलेजातले तेरा खेळाडू त्यांच्या पाठोपाठ आले. पुढे कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक आला. म्हणजे बघा, आवारात नवखेच नवखे. आणि झालं काय? २०२५ च्या मोसमात १६ सामने खेळले आणि सोळाही जिंकले! मेंडोझाला हाइसमन मिळाला आणि जानेवारी २०२६ मध्ये इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. ज्या आजोबांनी जन्मभर हार पाहिली होती, त्यांनी त्या रात्री "हा मुलगा आमच्याकडे चार वर्षं नव्हता, म्हणून मी टाळी वाजवणार नाही" असं म्हटलं असेल का? छे!

आणि आयोवाची केटलिन क्लार्क. ती त्याच राज्यातली मुलगी. आपल्या राज्याच्या विद्यापीठात चार वर्षं बास्केटबॉल खेळली. नव्या नियमांमुळे मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिराती तिला शिकता-शिकताच मिळाल्या. पैसे मिळाले म्हणून तिने ना गाव सोडलं, ना लोकांनी तिला. एनसीएएच्या वरच्या श्रेणीत तिने एकूण ३,९५१ गुण केले, मुलामुलींत सगळ्यात जास्त. २०२४ मध्ये तिचा शेवटचा सामना, म्हणजे मुलींची अंतिम लढत, टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. त्या वर्षीच्या मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षाही जास्त!

म्हणजे काय? पैसा आला की प्रेम मरतंच, असं नाही. खेळाडू बदलला की प्रेम मरतंच, असंही नाही.

मग निको गद्दार की नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. निकोने टेनेसीला २०२४ च्या मोसमात राष्ट्रीय बाद फेरीपर्यंत नेलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये मानधनावरून बोलणी बिनसल्याच्या बातम्या आल्या. संघाच्या सराव-सामन्याच्या आदल्या दिवशी तो सरावाला आला नाही, आणि लगेच प्रशिक्षकांनी सांगून टाकलं की आता त्याच्याशिवाय पुढे जायचं. मग निको गेला यूसीएलएला, लॉस एंजेलिसमध्ये. ते त्याच्या घराजवळचं विद्यापीठ.

पण गोष्ट इथे संपत नाही! यूसीएलएमध्ये जोई अ‍ॅग्विलार नावाचा क्वार्टरबॅक होता. तोही नुकताच, काही महिन्यांपूर्वी, दुसऱ्या कॉलेजातून तिथे आलेला. निको आल्यावर त्याने काय करावं? तो निघाला आणि पोहोचला थेट टेनेसीला! म्हणजे शेवटी दोन विद्यापीठांनी क्वार्टरबॅकची अदलाबदलच केली म्हणा ना. नॉक्सव्हिलच्या लोकांनी अ‍ॅग्विलारला "तू यूसीएलए का सोडलंस?" असं विचारलं नाही. त्याच्यासाठी टाळ्याच वाजवल्या.

माझ्या मैत्रिणी, जरा विचार कर. जो आपल्याला सोडून जातो तो गद्दार, आणि जो दुसऱ्याला सोडून आपल्याकडे येतो तो हिरो! एकाच कृत्याची दोन नावं कशी? अ‍ॅग्विलारची जागा ज्यांनी दुसऱ्याला दिली त्या यूसीएलएला कुणी गद्दार म्हणालं का? गद्दार हा फार जड शब्द आहे. तो वापरायचा तर आधी दोन्ही बाजूंनी वचन दिलेलं असावं लागतं. वर्षानुवर्षं खेळाडूने निष्ठा ठेवायची आणि कॉलेजने हिशेब ठेवायचा, असं चाललं होतं. खेळाडू पूर्वी चार वर्षं राहायचे ते काही प्रत्येक वेळी प्रेमापोटी नव्हे. कित्येकदा दाराला कडी होती म्हणून. ते आपण निष्ठा समजून बसलो होतो.

मग सगळंच छान झालं का? नाही गं. सोडून जाणं हा हक्क आहे, पण सोडून जाण्यालाही एक रीत असते. ज्यांच्याबरोबर पहाटे उठून सराव केला त्या सोबत्यांना अर्ध्यावर टाकणं त्यांना लागतंच. शिवाय पोर्टलमध्ये नाव घातलेल्या प्रत्येकाला नवं कॉलेज मिळतं असंही नाही. काहीजण ना इकडचे ना तिकडचे होतात. दर वर्षी कॉलेज बदलणाऱ्याचा अभ्यास विस्कटतो, आणि सगळेच काही मोठे खेळाडू होत नाहीत, पदवी मात्र सगळ्यांच्या कामी येते. पैसाही सारखा वाटला जात नाही. बराचसा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. पोहणारी मुलगी, धावणारा मुलगा यांच्या वाट्याला थोडाच येतो. हे सगळे प्रश्न अजून सुटायचे आहेत, आणि ते सोडवायला नियम लागतील. शिव्या देऊन ते सुटणार नाहीत.

दादाचं दुःखही मी खोटं म्हणणार नाही. परक्या गावात एकटा पडलेला मुलगा, लाखभर अनोळखी माणसांत केशरी कपडे घालून उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं असेल की मी इथलाच आहे. ते वाटणं त्याला निकोने दिलं होतं. मग तो गेल्यावर पोटात तुटणारच. पण नीट बघ, त्या लाख माणसांतला एकही कुठे गेलेला नाही. ती नदी तिथेच आहे, बोटी तिथेच आहेत, शेजारच्या खुर्चीवरचे आजोबाही तिथेच असतील. संघावरचं प्रेम त्यांच्यात राहतं. खेळाडू हा त्यांच्या घरी आलेला पाहुणा. कुणी चार वर्षं राहतो, कुणी एक. पाहुण्याने किती दिवस राहावं हे आपण ठरवत नाही, पण असेपर्यंत त्याला जीव लावणं आपल्या हातात असतं.

आणि जर्सी? बाहेर घाल, खुशाल घाल! तिच्यावर पुढून विद्यापीठ आहे आणि पाठीवर एका मुलाचं नाव. शबाझ नेपियरच्या वेळी त्याचं नाव छापायची आणि त्याचे पैसे त्याला द्यायची सोय नव्हती. आता नाव छापलं तर त्यातला वाटा त्या मुलाला मिळतो. त्यासाठी कितीजण कोर्टात भांडले! म्हणजे ती गद्दाराची जर्सी नव्हे. एका मोठ्या बदलाची खूण आहे ती. दादाला फोन कर आणि सांग, पुढच्या सुट्टीत येशील तेव्हा अ‍ॅग्विलारच्या गोष्टी सांग. तो हसला तर समज, राग गेला.

आणि बाकीच्या दोस्तांनो, तुम्हाला या आठवड्याचं काम. समजा, तुमच्या शाळेचा सगळ्यात चपळ खो-खोपटू दुसऱ्या शाळेत निघाला. तिथे त्याला वसतिगृह मिळणार, बूट मिळणार, चांगले सर मिळणार. जायच्या आदल्या दिवशी तो तुम्हाला भेटायला आलाय. तुम्ही त्याला काय म्हणाल? दहा ओळी लिहा आणि मला पाठवा. खरं वाटेल तेच लिहायचं बरं, बाईंना आवडेल असं नको!

भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या
बाई